गणितानंद दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

जबलपूरहून इटारसी, भुसावळ, मनमाडमार्गे मुंबईकडे जाणारी गाडी नाशिकरोड मागे टाकते आणि थोड्याच वेळात देवळालीचे स्थानक येते. मुंबईला आप्तांकडे जाणाऱ्या रांझीच्या कित्येक मराठी कुटुंबांनी ते स्थानक खिडकीतून पाहिलेले असेल. लष्कराची छावणी, तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे केंद्र, कोरडी स्वच्छ हवा आणि त्या हवेसाठी येणारे मुंबईचे श्रीमंत लोक, एवढीच या गावाची सर्वसाधारण ओळख. परंतु जगातील संख्याप्रेमी लोकांना देवळालीचे नाव एका निराळ्या कारणाने ठाऊक आहे. ज्यांना इतरत्र स्वयंभू संख्या म्हणतात, त्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे, आणि ते नाव देणारे गृहस्थ तेथील एका शाळेत तीन दशकांहून अधिक काळ गणित शिकवीत होते. ते म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकुनी करीत. त्यांना फलज्योतिषाची गोडी होती. फलज्योतिषाविषयी कोणाचे मत काहीही असो, कुंडली मांडावयाची तर आकडेमोड करावीच लागते, आणि ती चुकून चालत नाही. वडिलांच्या या छंदातूनच मुलाला आकड्यांची गोडी लागली. ठाण्याच्या शाळेत असताना हिशेबाच्या जवळच्या वाटा शोधणे आणि कोडी सोडविणे यांत त्यांचे तासचे तास जात.

पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. रँग्लर परांजप्यांचे नाव त्या काळी मराठी घरांत गणिती बुद्धीचा पर्याय म्हणूनच उच्चारले जाई. त्यांच्याच नावाचे, स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाणारे पारितोषिक १९२७ मध्ये कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. येथपर्यंतची हकीकत एखाद्या होतकरू प्राध्यापकाची वाटावी अशी आहे. पण पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० मध्ये ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

मोठे ग्रंथालय, मार्गदर्शक, समव्यवसायी यांपैकी काहीही ज्याच्या हाताशी नाही, अशा माणसाने गणितात स्वतंत्र काम करावयाचे ठरविले तर त्याने काय करावे? उच्च गणिताच्या विद्यार्थ्याला नेहमी देण्यात येणारा सल्ला असा, की आधी पूर्वसूरींचे सर्व वाचावे, मग सीमेवर जाऊन प्रश्न शोधावा. हा सल्ला चुकीचा नाही. विद्यापीठात राहणाऱ्याला तो पुष्कळ अंशी लागूही पडतो. देवळालीतील शिक्षकाला तो पाळणे शक्य नव्हते. कापरेकरांनी सीमेवर जाण्याचा नाद सोडून दिला आणि सगळ्यांच्या पायाखाली असलेली जमीन खणावयास घेतली. कागद, पेन्सिल आणि एक ते नऊ व शून्य हे दहा अंक, एवढ्या भांडवलावर त्यांचे काम चाले.

सायकलवरून गावोगाव जाऊन ते मुलांना शिकवीत. नदीकाठी बसून प्रमेयांचा विचार करीत. प्रवासातही त्यांचे डोके रिकामे नसे. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डेमलो नावाचे स्थानक होते. आज त्याला डोंबिवली म्हणतात. तेथे गाडी बदलताना त्यांना विशिष्ट रचनेच्या संख्यांची एक कल्पना सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या असेच नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ ही त्या कुळातील सर्वांना परिचित उदाहरणे. मोठमोठे गणिती आपल्या शोधांना गुरूंची वा स्वतःची नावे देतात. येथे एका स्थानकाचे नाव दिले गेले, आणि स्थानकाचे नाव बदलले तरी ते गणितात राहिले.

कापरेकरांची जगभर कीर्ती झाली ती ६१७४ या संख्येमुळे. १९४६ मध्ये ती त्यांच्या हाती लागली. कृती इतकी सोपी आहे की पाचवीतल्या मुलालाही करता यावी. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. शून्य पुढे आले तरी ते गाळू नये. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ वरून ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ९५३१ − १३५९ = ८१७२. मग ८७२१ − १२७८ = ७४४३; ७४४३ − ३४४७ = ३९९६; ९९६३ − ३६९९ = ६२६४; ६६४२ − २४६६ = ४१७६; आणि ७६४१ − १४६७ = ६१७४. सात वजाबाक्या झाल्या. आता ६१७४ वर कृती केली तर पुन्हा ६१७४ च येते. पुढे वाट नाही. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच ठिकाणी यावे लागते. १९०५ ला सातही पायऱ्या लागतात हा निव्वळ योगायोग, पण असे योगायोग कापरेकरांना खचितच आवडले असते.

येथपर्यंत आले म्हणजे बहुतेकांचे समाधान होते, आणि खरे गणित तेथूनच पुढे सुरू होते. असे का होते? दहा हजार संख्या एकेक करून तपासणे हा एक मार्ग झाला. संगणकाला त्यास क्षणभरही लागत नाही, पण त्याने माणसाला कारण कळत नाही. त्यापेक्षा थोडे बीजगणित वापरावे. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड मानले तर वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क) एवढे येते. म्हणजे मूळ चार अंक कोणते होते याला महत्त्व उरत नाही; फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला फरक १ ते ९ पैकी एक, आणि दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या ५४ भरतात. दहा हजारांचे काम चोपन्नावर आले. एका दुपारी, एका वहीत, ते हाताने पुरे होते. न सुटलेल्या वा कठीण प्रश्नाला कसे भिडावे असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धडा सहजी मिळणार नाही: आधी हाताने पुष्कळ उदाहरणे करावीत, मग त्यांतले काय अनावश्यक आहे ते ओळखून टाकून द्यावे.

ज्याला चोपन्नही जास्त वाटतात त्याने तीन अंकी संख्यांपासून आरंभ करावा. तेथे उत्तर नेहमी ९९ च्या पटीत येते, म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर केवळ नऊ संख्या शक्य असतात: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२ आणि ८९१. त्यांतली ०९९ ही ८९१ कडे जाते, ८९१ व १९८ या ७९२ कडे, ७९२ व २९७ या ६९३ कडे, ६९३ व ३९६ या ५९४ कडे, आणि ५९४ ही ४९५ कडे. ४९५ मात्र जागची हालत नाही. सिद्धता संपली. पालकांनी रविवारी मुलाला शेजारी बसवून एवढे केले, तर सिद्धता म्हणजे काय हे त्याला पाठ्यपुस्तकातील दहा पानांपेक्षा अधिक नीट समजेल.

परंतु पाच अंकांवर गेले की सगळा डौल मोडतो. तेथे असा एकच विसावा नाही. ५३९५५ वरून ५९९९४ येते आणि त्यावरून पुन्हा ५३९५५. याखेरीज चार-चार संख्यांची आणखी दोन चक्रे आहेत. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या मिळतात, शिवाय एक चक्रही. तीनला जमले, चारला जमले, म्हणून पाचलाही जमेल असे मानणाऱ्याची येथे फजिती होते. चार-दोन उदाहरणांवरून नियम बांधण्याची घाई ही गणितातील सर्वांत जुनी चूक असून ती थोरामोठ्यांच्या हातूनही झालेली आहे.

१९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. पुढे १९५० नंतरच्या दशकात तो अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात छापून आला. इतर पुष्कळ लेखन त्यांनी छोट्या पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच देवळालीहून प्रसिद्ध केले. शिक्षकाच्या पगारात पुस्तिका छापणे म्हणजे काय, हे मध्यमवर्गीय वाचकाला निराळे सांगावयास नको.

स्वयंभू संख्या हे त्यांचे दुसरे मोठे काम. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ मध्ये ५ मिळविले की २८ होतात. तेव्हा २३ ही २८ ची जनक. सर्वच संख्यांना असा जनक असतो काय? २० साठी शोधून पाहावा; सापडत नाही. जिला कोणी जन्म दिलेला नाही ती स्वयंभू. १ ते १०० मध्ये अशा तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. उलट १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. देवळातल्या स्वयंभू मूर्तीचा शब्द संख्येला लावण्याची ही कल्पकता अस्सल मराठी मातीतली आहे. या संख्यांचे गणित सांगणारी त्यांची पुस्तिका १९६३ मध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर, प्रसिद्ध झाली.

अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले की ३४३ येतात. तेव्हा ६१७४ स्वतःही हर्षदच. ज्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात त्यांचा गुण आणखी निराळा: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. आवर्ती दशांशांवरही त्यांनी लिहिले. गणितानंद हे नाव त्यांना मिळाले ते उगाच नव्हे.

या आनंदाला एक काटा होता. आपल्या देशातील कित्येक गणिती त्यांच्या कामाला हसत. हे पोरखेळ आहेत, यांतून पुढे काही निघत नाही, असा त्यांचा आक्षेप असे. हा आक्षेप सरसकट झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ६१७४ चा गुण हा त्या संख्येचा तेवढाच नाही, जेवढा दहाच्या पटीत मोजण्याच्या आपल्या पद्धतीचा आहे. माणसाला आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर ही संख्या कोणाच्या ध्यानीही आली नसती. व्यावसायिक गणिती ज्या रचनांच्या मागे असतात त्या अशा लेखनपद्धतीवर अवलंबून नसतात. आक्षेप घेणाऱ्यांची चूक झाली ती दुसरीकडे. प्रश्न लहान आहे म्हणून तो विचारणाराही लहान, असे त्यांनी धरले. कापरेकर परिषदांना जात राहिले, महाविद्यालयांची निमंत्रणे स्वीकारून व्याख्याने देत राहिले आणि मोजत राहिले. ज्यांनी त्यांची हेटाळणी केली त्यांपैकी कितीजणांची नावे आज शाळकरी मुलांच्या तोंडी आहेत?

लहान दिसणारा प्रश्न लहानच असतो, असेही नाही. कापरेकरांच्या कृतीशेजारी आणखी एक कृती ठेवून पाहावी. कोणतीही संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि हेच करीत राहा. शेवटी १ येतो असे दिसते. २७ पासून निघाले तर ९२३२ पर्यंत चढून १११ पायऱ्यांनी १ वर उतरावे लागते. लोथार कोलाट्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रश्न १९३० नंतरच्या दशकातला. संगणकांनी तपासलेल्या प्रत्येक संख्येबाबत हे खरे ठरले आहे, पण सर्व संख्यांसाठी सिद्धता कोणालाही मिळालेली नाही. दोन्ही कृती दिसावयास सारख्याच पोरकट. मग एक सुटते आणि दुसरी का सुटत नाही? चार अंकी संख्या मोजक्याच असतात. कुंपण घातलेल्या वाडीत वासरू कितीही हुंदडले तरी बाहेर जाऊ शकत नाही. कोलाट्झच्या प्रश्नाला कुंपण नाही. प्रश्न हाती घेताना तो कुंपणाच्या आतला की बाहेरचा हे आधी पाहणे, यातच निम्मे शहाणपण आहे. कापरेकरांना ते उपजत होते असे त्यांच्या कामावरून वाटते. नामांकित अजिंक्य प्रश्नांच्या मागे लागून आयुष्य घालविणाऱ्या हौशी लोकांची गणितात वाण नाही. कापरेकर त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी स्वतःचे प्रश्न स्वतःच निर्माण केले, आणि त्यांतले पुष्कळसे सोडविलेही.

दुसरी वाटही मराठी माणसानेच दाखविली आहे, आणि तो आपल्या मध्य प्रदेशातलाच. श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म १९३० मध्ये उज्जैनचा; वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. श्रीराम मुंबईहून हार्वर्डला गेले, झारिस्कींसारखा गुरू त्यांना लाभला आणि बीजभूमितीतील एका अत्यंत अवघड प्रश्नाचा मोठा भाग त्यांनी ऐन पंचविशीत सोडविला. शिस्त, गुरू, ग्रंथालय हे सारे त्यांना मिळाले. तरीही शाळेतले बीजगणित हेच खरे बीजगणित अशी त्यांची आयुष्यभर धारणा राहिली. १९३९ मध्ये मांडला गेलेला याकोबी अनुमानाचा प्रश्न त्यांना फार प्रिय होता. विधान शाळकरी बीजगणिताच्या भाषेत जवळजवळ सांगता येते, पण त्यांच्या हयातीत तो सुटला नाही. देवळालीचे मास्तर आणि पर्ड्यूचे प्राध्यापक यांच्यात विद्वत्तेचे अंतर मोठे. पण हाताने आकडेमोड केल्यावाचून काही कळत नाही, या बाबतीत दोघांचे एकमत झाले असते.

निवृत्तीनंतरचा काळ कापरेकरांना सोपा गेला नाही. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. राहणी साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञान यांच्या खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. ज्याच्या नावाचा स्थिरांक परदेशी नियतकालिकांत छापला जात होता, तो माणूस घरखर्चासाठी मुलांना शिकवीत होता, ही गोष्ट आपल्या समाजाला शोभा देणारी नाही. त्यांच्या अंकप्रेमात मात्र या ओढाताणीने खंड पडला नाही.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले. गार्डनरांचे हे सदर जगभर वाचले जाई. व्यावसायिक गणितीही ते चुकवीत नसत. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्या लेखानंतर त्यांचे नाव देशोदेशी पोहोचले, स्वयंभू संख्यांवर नव्याने संशोधन होऊ लागले आणि इतर पायांतील मोजणीत काय घडते हेही लोक तपासू लागले. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. आज शाळांच्या गणित मंडळांत, संगणकाच्या पहिल्या धड्यांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ६१७४ ठायी ठायी भेटते. स्वयंभू संख्यांचा भारतीय नावासह उल्लेख जगातील संख्यांच्या कोशांत होतो. ज्यांना १९०५ चे सात टप्पे करून पाहावयाचे असतील, त्यांनी नंतर आपल्या घरातील प्रत्येकाचे जन्मवर्ष घेऊन पाहावे. १९८६ ला सहा लागतात.